टंबलरच्या तळावरची दोन नावं

एस्तेर,

आज सकाळी तुझ्या डवऱ्यातून, त्या पितळी वाटीतून, कॉफी प्यालो. निम्मी सदऱ्यावर सांडली. पन्नासहून जास्त वर्षं तू त्यात प्यायचीस, एक थेंब कधी सांडला नाहीस. मी भांड्यांचा माणूस, तरी मला जमलं नाही.

तुझ्या बेळगावच्या भाचीचा फोन आला होता. म्हणाली, "काका, मावशीवर लिहा. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकात छापू." मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकलेला, तेही तमिळमध्ये. मराठी अक्षरं तुझ्या मावशीनं शिकवली, तीही लग्नानंतर. तर म्हणते, "मग तशीच लिहा." म्हणून लिहितोय. लेकीला हे वाचता येणार नाही. तिला मराठी कळते, बोलताना अडखळते, अक्षरं तर शिकलीच नाही. म्हणजे या घरात हा कागद वाचणारी एकच होती, आणि तिलाच मी लिहितोय. असो.

तू कधी जन्मलीस, किती मुलांना शिकवलंस, कोणत्या कमिटीत होतीस, ते दुसरे लिहितील. मला एकच गोष्ट सांगायची आहे. तुझ्या पपांची. ती मी तुझ्यापासून लपवली. एक-दोन वर्षं नाही, जन्मभर. आज सांगतो. पण तिकडच्या लोकांना काही माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगावं लागेल. तू मध्ये बोलायची सवय आज सोड.

तुझे पपा रेल्वेत गार्ड. बेळगावचे मेथोडिस्ट, आजोबापासूनचे. बदली होऊन तंजावरला आले. आल्या आल्या पहिल्या रविवारी मेथोडिस्ट चॅपल शोधत निघाले. चॅपल सापडलं, आत बसले, आणि उपासना झाल्यावर त्यांना कळलं की दक्षिणेत आता मेथोडिस्ट असं वेगळं काही उरलेलंच नाही. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी इकडच्या तीन मंडळ्या एक झाल्या होत्या. पपा हे लोकांना सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. "गाडीत मेथोडिस्ट म्हणून चढलो, तंजावरात उतरलो तर स्टेशनाची पाटीच बदललेली!"

तू हसायचीस. मग समजावून सांगायचीस. मला सगळ्यात आधी तूच सांगितलंस. मेथोडिस्ट हे मुळात इंग्रजांच्या जुन्या अँग्लिकन मंडळीतूनच बाहेर पडलेले. ज्यानं सुरू केलं तो स्वतः मरेपर्यंत जुन्याच मंडळीचा पाळक होता. "भांडून नाही निघाले हो," तू म्हणायचीस, "घर पुरेना म्हणून वेगळी चूल मांडली. आता पुन्हा एका चुलीवर आले, तर त्यात पपांनी रडायचं काय?"

पण चूल एक झाली ती कागदावर. आपल्या रस्त्याला मोठं देऊळ, म्हणजे त्या इंग्रजी मंडळीचं चर्च, एका टोकाला आणि चॅपल दुसऱ्या टोकाला. दोघांचा बिशप एक, नाव एक, आणि रविवारी सकाळी हे इकडं, ते तिकडं. वीस-पंचवीस वर्षं तसंच चाललं होतं. माझं कल्हईचं दुकान मोठ्या देवळाच्या फाटकासमोर. दोन्हीकडचे लोक माझ्याकडं भांडी टाकायचे आणि दोन्हीकडचे एकमेकांची नालस्ती मला सांगायचे. चॅपलवाले म्हणायचे, "ते प्रभुभोजनाला, भाकरी-वाइन घेताना, एकाच प्याल्याला सगळे तोंड लावतात, शी!" मोठ्या देवळातले म्हणायचे, "त्यांचं प्रभुभोजन म्हणजे औषधाचे डोस. छोट्या छोट्या काचेच्या पेल्या." मी हिंदू माणूस. भाता मारत ऐकत राहायचो. कथील दोघांच्या भांड्यांना सारखंच लावायचो.

तू पहिल्यांदा आलीस ती पातेली घेऊन. मी माझ्या आईशी आमच्या घरच्या तंजावरी मराठीत बोलत होतो. तू थबकलीस. "अय्या, तुम्ही मराठी? पण ही कसली मराठी? जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी!" मी म्हटलं, "आमची जुनी आहे, खरी आहे. तुमची कालची." त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, ते गेल्या महिन्यापर्यंत.

लग्न रजिस्ट्रारच्या कचेरीत झालं. माझी आई दोन महिने बोलली नाही, मग बोलायला लागली. तुझे पपा मात्र दुकानासमोर रस्त्यात उभे राहून म्हणाले, सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा माझ्या ओठाला लागणार नाही." बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाशी मुलीनं लग्न केलं, आणि तेही ते चॅपलचे कारभारी असताना. मला राग आला नाही. माणूस तोंडावर बोलला. मलाही तसंच बोलायची सवय आहे.

लग्नात मी तुला एकच वस्तू दिली, डवरा-टंबलर. तिकडच्या लोकांना सांगतो. आमच्याकडं कॉफी उंच पेल्यात पितात, त्याला टंबलर म्हणायचं, आणि तो पेला ज्या खोलगट वाटीत बसतो तो डवरा. एकातून दुसऱ्यात ओतून कॉफी निववायची. दोन्ही मिळून एक भांडं. पितळेचं, मी स्वतः घडवून घेतलेलं, आतून माझी कल्हई. नव्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, तर तू म्हणालीस मराठीत घाला. मला तर अक्षर येत नव्हतं. तू टंबलरच्या तळावर खडूनं लिहिलंस, मी बारीक छिन्नीनं टिंबं टिंबं ठोकत गेलो. एस्तेर गोविंद. मला आलेली मराठीतली पहिली अक्षरं ती. तुझं आधी, माझं नंतर.

मग तो रविवार आला.

बिशपनं फर्मान काढलं की आता पुरे, दोन्ही मंडळ्यांनी एकत्र उपासना करायची, मोठ्या देवळात, आणि एकाच मेजावर प्रभुभोजन घ्यायचं. बैठका सुरू झाल्या. भांडण कशावर? रसावर. मोठ्या देवळात वाइन, चॅपलमध्ये उकळलेला द्राक्षरस. मेथोडिस्ट माणूस दारूला शिवणार नाही म्हणजे नाही. तीन महिने त्याच्यावर भांडले. शेवटी मोठ्या देवळाचे कारभारी, ते शाळेतून रिटायर झालेले ज्ञानमुत्तू सर, ते म्हणाले, "रस तर रस. देव काही बाटलीवरचं लेबल वाचत नाही." रस ठरला. सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले, घरी गेले.

त्याच सुमारास पपांना बेळगावहून पत्र आलं. उत्तरेतही पुष्कळ मंडळ्या एक होत होत्या, आणि तिकडचे मेथोडिस्ट सगळं ठरल्यावर अगदी शेवटच्या घटकेला बाहेर राहिले, वेगळेच राहिले. पपा ते पत्र खिशात घालून आठवडाभर गावभर हिंडले. "आमचे राहिले! बघा, आमचे राहिले!" मला वाटलं, हा माणूस आता एकत्र उपासनेला येतच नाही. पण तू म्हणालीस, "येतील. ओरडतात म्हणजे येतील. गप्प बसले असते तर भीती होती."

आणि त्यांनी काय केलं? काचेच्या पेल्यांचा तो लाकडी ट्रे, जो ते दर शनिवारी स्वतः धुवायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत, तो गवतात बांधला आणि ओळखीच्या गार्डाबरोबर बेळगावच्या चॅपलला पाठवून दिला. आपल्या लोकांना म्हणाले, "आपण त्यांच्या दारी जातोय. त्यांनी रस सोडला... म्हणजे वाइन सोडली. आपण पेल्या सोडू. त्यांच्या प्याल्याला तोंड लावू. किळस आली तर गिळा."

इकडं ज्ञानमुत्तू सरांनी आपल्या लोकांना काय सांगितलं? "त्या बिचाऱ्यांना एका प्याल्याची सवय नाही. पाहुण्यांचा मान ठेवा. चांदीचा प्याला त्या दिवशी काढायचा नाही. त्यांच्या पेल्या येतील, त्यातून घेऊ." आणि प्याला नुसता कपाटात ठेवला असता तरी चाललं असतं. पण जवळच्या पापनाशम गावच्या मंडळीचा त्याच दिवशी सण, तर त्यांना उसना दिला.

दोघांनीही दुसऱ्यासाठी केलं. दोघांनीही दुसऱ्याला विचारलं नाही. रसावर तीन महिने भांडलेली माणसं, भांड्याचा विषय कोणी काढलाच नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं माझं मत. मी ते तुला किती वेळा सांगितलंय. भांडलं की निदान बोलणं होतं.

मी दुकानाच्या फळीवर बसून कॉफी पीत होतो. समोर देऊळ गच्च. गाणी थांबली, पाळकाचा आवाज थांबला, आणि मग काहीच ऐकू येईना. एवढी माणसं आत आणि आवाज नाही. तेवढ्यात तू बाजूच्या दारातून पळत आलीस. नवीच साडी, पदर खोचलेला.

"द्या तो इकडं."

"काय?"

"टंबलर! मेजावर प्याला नाही. दोघांनीही आणला नाही. पाळकांनी कापड उचललं, भाकरी आहे, बाटली आहे, आणि प्याला नाही."

"आचाऱ्याकडून घे की. मागं जेवण शिजतंय ना तुमचं?"

"पातेली आणि पळ्या आहेत, पेला एकही नाही. द्या म्हणते ना!"

"कॉफी आहे त्यात. उष्टी."

"मग सांडा!"

"गरम आहे."

तू बोलत बसली नाहीस. टंबलर माझ्या हातातून काढून घेतलास, कॉफी डवऱ्यात ओतलीस, डवरा माझ्या हातात दिलास, आणि माझ्याच चिंचेनं, माझ्याच राखेनं टंबलर घासलास. चुलीवर आधणाचं पाणी होतं, ते ओतलंस. कल्हई त्याच आठवड्यातली, आतून चंद्रासारखा चमकत होता. मी एवढंच म्हटलं, "कल्हई आहे म्हणून चालेल. नुसत्या पितळेत आंबट ठेवलं असतं तर सगळी मंडळी ओकली असती." तू म्हणालीस, "देवाची दया," आणि पळालीस. मी म्हटलं, "देवाची नाही, माझी!" पण तू रस्ता ओलांडून गेली होतीस. मी उरलेली कॉफी डवऱ्यातून प्यालो. तेव्हाही सांडली.

त्या दिवशी चॅपलचे आणि मोठ्या देवळाचे, सगळे, एका टंबलरातून प्याले. कठड्यापाशी गुडघे टेकून, एकामागून एक. तुझे पपासुद्धा. कोणी विचारलं तर तू सांगितलंस, स्वयंपाकातून आणला. पाळकांना तो इतका आवडला की म्हणाले, याच पेल्यात आपण एक झालो, आता दुसरा नको. पापनाशमहून चांदीचा प्याला परत आला तो कपाटातच राहिला. आपला टंबलर देवळात राहिला आणि तुझ्याकडं नुसता डवरा उरला.

मी नवा टंबलर घडवून देतो म्हटलं. तू नको म्हणालीस. "अर्धं भांडं तिकडं आहे, अर्धं इकडं. बरं आहे." तेव्हापासून तू डवऱ्यातून प्यायला लागलीस.

पण त्या रात्रीपासून... नाही, रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरताना तू रडलीस. म्हणालीस, "पपांनी शपथ घेतली होती. त्यांना मी फसवून प्यायला लावलं. तेही कुठं? प्रभूच्या मेजावर. आणि वर खोटं बोलले." मी म्हटलं, सांगून टाक. तू म्हणालीस, "मरतील ते. त्यांना कळता कामा नये. शपथ घ्या माझ्या गळ्याची." मी तुझ्या गळ्याला हात लावून सांगितलं, नाही सांगणार.

आता ऐक.

चार-पाच महिन्यांनी टंबलरची कल्हई उडाली. उडणारच, रस आंबट. तो घेऊन कोण आलं? पपा. आता दोन्हीकडचे मिळून कारभारी तेच. दुकानाची पायरी चढले नाहीत. रस्त्यातच उभे. तू शाळेत होतीस.

"कल्हई कर."

मी टंबलर घेतला, निखाऱ्यावर धरला, नवसागर टाकला, कथील फिरवलं. ते बघत होते. झाल्यावर पाण्यात बुडवला, पुसला, त्यांच्या हातात दिला. त्यांनी आत बघितलं नाही. पालथा केला. बोटानं तळावरची टिंबं चाचपली.

"अक्षर वाकडं आहे तुझं."

मी चिमटा खाली ठेवला. त्या अख्ख्या मंडळीत मराठी अक्षरं वाचता येणारी दोनच माणसं होती, तू आणि ते. हे तुझ्या डोक्यात आलं नाही, एस्तेर. माझ्याही नाही. बाकी सगळ्यांना ती टिंबं म्हणजे नक्षी.

मी विचारलं, "कधी बघितलं?"

"त्याच दिवशी. माझ्या आधी सर होते. ते प्याले तेव्हा पेला वर झाला. तळ माझ्या नाकासमोर. वाचलं."

"मग?"

"मग काय? माझी पाळी आली."

"आणि शपथ?"

"घरचं पाणी ओठाला लावणार नाही म्हणालो होतो. तो रस होता. आणि घरही तुझं नव्हतं."

मी हसलो. ते नाही हसले. म्हणाले, "तिला सांगायचं नाही. मला कळलंय हे तिला कळलं तर म्हणेल पपा नमले."

"नमलातच की."

"गुडघ्यावर होतो. नमलेलाच होतो." मग म्हणाले, "शब्द दे."

मी दिला. त्यांनी टंबलर रुमालात गुंडाळला. जाताना म्हणाले, "कल्हई बरी करतोस." त्यांच्या तोंडून मला मिळालेलं एवढंच. पण पुरलं.

मग दर चार-पाच महिन्यांनी यायचे. पुढं पुढं फळीवर बसायला लागले. पाणी विचारलं तर नको म्हणायचे. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या टंबलराला तोंड लावायचे, तुझं आणि माझं नाव वाचून. तू मागच्या रांगेत बसून मान खाली घालायचीस. तुला वाटायचं, मी बापाला फसवतेय. मी समोर दुकानात. मला दोघांचं माहीत, आणि दोघांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलेलं. मी असा कसा दोन शब्दांच्या मध्ये सापडलो कोणास ठाऊक. भांडी डाग देऊन जोडणारा मी, ही जोडणी मला जमली नाही.

पपा गेले तेव्हा तू त्यांच्या पायाशी बसून पुटपुटत होतीस, "माफ करा पपा, मी तुम्हाला फसवलं." मी शेजारी उभा. तोंडापर्यंत आलं होतं. पण माणूस समोर मरून पडलाय आणि त्याला दिलेला शब्द तासाभरात मोडायचा? नाही मोडला. म्हटलं, महिन्यानं सांगू. महिन्यानं वाटलं, वर्षानं सांगू. मग भीती वाटायला लागली. तू विचारलं असतंस, इतके दिवस मला रडू दिलंत? जितका उशीर, तितकं तोंड जड. ही माझी चूक. पपांची नाही, तुझी नाही. माझी.

तुझा मला अभिमान आहे हे मी कधी बोललो नाही. आमच्यात बोलत नाहीत. आता लिहितो. साठी उलटल्यावर तू मंडळीचा इतिहास लिहायला घेतलास. टाऊन बसनं, मोपेडच्या मागं बसून, कालव्याच्या कडेच्या गावागावांत गेलीस. भातशेतीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारलंस, तुमची आजी कोणत्या मंडळीची होती, कोणती गाणी म्हणायची. गुडघे दुखायचे तरी जायचीस. मी म्हणायचो, "सगळ्यांना एक करत हिंडतेस आणि आपल्या घरात दोन धर्म." तू म्हणायचीस, "घरात कोण भांडतंय? तुम्ही एकटेच भांडता." मला कधी बाप्तिस्मा घ्या म्हणाली नाहीस. मी फाटकापर्यंत सोडायला यायचो, फाटकाशी थांबायचो. तू वळून बघायचीस आणि आत जायचीस. एवढ्या वर्षांत एकदाही "या ना" म्हणाली नाहीस. आणि एकदाही न बघता आत गेली नाहीस.

वहीत तू सगळं लिहिलंस. कोण कधी वेगळं झालं, का झालं, कोण एकत्र आलं, कोण राहिलं. उत्तरेतले राहिले त्यांनाही नावं ठेवली नाहीस. लिहिलंस, "ते आमचे वेगळ्या घरातले भाऊ." पपांना हे वाक्य आवडलं असतं. आणि त्या रविवारावर एकच ओळ लिहिलीस: "त्या दिवशी सर्वजण एका पेल्यातून प्याले."

मी म्हटलं, "कोणाच्या पेल्यातून ते लिही."

"नको."

"का नको? सगळ्या वहीत हीच एक गोष्ट वाचण्यासारखी आहे. बाकीच्यात नुसते बिशप."

"मी खोटं बोलले ते छापू? पपांना फसवलं ते छापू?"

"छाप."

"मी आहे तोवर नाही."

हा वाद आपला तीन वर्षं चालला. जेवताना, झोपताना, डॉक्टरकडच्या बाकावर. मोठ्या देवळाला आता बाईच पाळक आहेत, त्या पाळकीणबाईसमोरसुद्धा तू माझ्यावर डोळे वटारलेस. त्या शेवटच्या दुपारी, इस्पितळात, तू जागी होतीस, खिडकीतून येणारं ऊन पायावर घेऊन पडली होतीस. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, "एस्तेर, पपांचं एक सांगायचं आहे." तू म्हणालीस, "पुन्हा टंबलर? मी आहे ना अजून." आणि हसलीस. तेवढ्यात नर्स आली, रक्त घ्यायला. मी बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तू झोपली होतीस. मी उठवलं नाही. उठवायला हवं होतं.

तुला पुरलं तेव्हा दोन्हीकडचे सगळे होते. आता कोण चॅपलचे आणि कोण मोठ्या देवळाचे ते कोणालाच सांगता येत नाही. नातवंडांना विचारलं तर म्हणतात, काय फरक असतो? हे तू केलंस. बिशपनं फर्मान काढलं, पण हे तू केलंस.

आठवड्यानं पाळकीणबाई घरी आल्या. तुझी वही छापायला जाणार, तुझा एक फोटो हवा म्हणाल्या. मी फोटो दिला आणि सगळं सांगितलं. शपथ तुझ्यापुरती होती. तू नाहीस. पपांना दिलेला शब्द तुला न सांगण्याचा होता, बाईंना नाही. बाई तरुण आहेत. ऐकताना त्यांच्या हातातली कॉफी निवली. म्हणाल्या, "ऐया," इकडं मोठ्या माणसाला तसं म्हणतात, "हे पान वहीत हवं." मी म्हटलं, "तेच मी तिला तीन वर्षं सांगत होतो."

आणि काल महिन्याची प्रार्थना झाली, तुझ्या नावानं. मला फाटकापर्यंतच जायचं होतं. बाई बाहेर आल्या, हाताला धरून आत घेऊन गेल्या. पहिल्या रांगेत बसवलं. मी सांगितलेलं त्यांनी लिहून काढलं होतं, ते पान वाचलं, तमिळमध्ये. रसाचं भांडण आलं तेव्हा लोक हसले. दोन्ही बाजूंनी प्याला आणला नाही तिथं तर हसू थांबेना. मग पपा आले. "मग काय? माझी पाळी आली." हसू थांबलं.

बाईंनी मेजावरचा टंबलर उचलला. परवाच मी कल्हई करून दिला होता. त्यांनी तो सगळ्यांसमोर पालथा धरला. टिंबं झिजली आहेत, पण दिसतात. म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण याला नक्षी समजलो. आपल्यापैकी कोणालाच वाचता येत नाही. ज्याला येतं त्याला विचारू." आणि माझ्याकडं बघितलं.

मी उठलो. एस्तेर, मी त्या मेजापर्यंत कधी गेलो नव्हतो. कठड्यापाशी पाय थांबले. बाईंनी टंबलर पुढं केला. मला चष्मा लागला नाही. मी ती अक्षरं ठोकली आहेत. तुझ्या खडूवरून.

मोठ्यानं वाचलं. एस्तेर गोविंद.

सगळे उठून उभे राहिले. कोणासाठी, मला माहीत नाही. तुझ्यासाठी असेल. पपांसाठी असेल. मी टंबलर मेजावर ठेवला, सरळ, आणि जागेवर येऊन बसलो. बाई नंतर म्हणाल्या, घरी न्या, जोडी पुरी होईल. मी म्हटलं, नाही. तो तिकडचाच. कल्हई उडाली की पाठवा.

तर हे राहिलं होतं. पपांना तू फसवलं नाहीस. पपांनी वाचलं होतं. वाचून प्याले. दर महिन्याला वाचून प्याले. तू मागच्या रांगेत मान खाली घालत होतीस तेव्हा ते तुझंच नाव वाचत होते.

आता मान वर कर.

आणि डवऱ्यातून न सांडता कसं प्यायचीस, ते मी विचारलंच नाही. उद्या पुन्हा बघतो.

तुझा,
गोविंद